विहिरीतलं विरजण

१

बरणीच्या बुडाला एक पांढरी कोर लागलेली होती. पूर्ण वर्तुळ नव्हे, त्याचा जेमतेम तिसरा हिस्सा. नखाने खरवडली तर निघून येईल इतकी पातळ. एमिलियाने ती खरवडली नाही. तिने बरणी खिडकीच्या उजेडाकडे तिरकी धरली, कोरीकडे नीट पाहिलं आणि मग बरणी टेबलावर न टेकवता एका रिकाम्या कपाच्या तोंडावर बेताने ठेवली. बुडाला काही लागायला नको आणि बुडाचं काही पुसायलाही नको.

"आता सांगा," ती म्हणाली.

तेक्ले काही सांगेल असं दिसत नव्हतं. ती खिडकीशी उभी राहून बाहेरच्या धुक्याकडे पाहत होती. अंगणातली विहीर तेवढी दिसत होती, तिच्यापलीकडचं सगळं जग कुणीतरी पुसून टाकलं होतं. बोलली तिची मुलगी.

"सांगायचं काय, मावशी? मेलंय ते. कुणीतरी मारलंय." लिउत्सिया आदल्या दिवशी दुपारच्या बसने क्लाइपेदाच्या आपल्या घरून आली होती, बॅग अजून दारातच होती. "सकाळी आईने माझ्या डोळ्यांदेखत बरणी वर ओढली, फडकं सोडलं, वास घेतला आणि विहिरीच्या कठड्यावर मटकन बसली."

बरणीत तेक्लेच्या नवऱ्याचं, रापोलासचं विरजण होतं. बिअर आंबवणारं यीस्ट, त्याच्या आजीच्या हातचं, तिलाही कुणाकडून आलेलं. दर खेपेला पिंपाच्या तळाशी बसलेला साका काढायचा, बरणीत भरायचा, वर फडकं बांधायचं आणि बरणी विहिरीत पाण्याच्या वीतभर वर लोंबकळत ठेवायची. पुढची बिअर त्यातूनच लावायची. बिर्झाईच्या आसपासच्या गावांत फ्रिज येऊन जमाना झाला; पण विरजण फ्रिजमध्ये ठेवणारा माणूस अजून जन्माला यायचा होता.

रापोलासला जाऊन वर्ष होत आलं होतं. त्या वर्षात तेक्लेने बिअर केली नव्हती. आता त्याच्या वर्षाची चर्चमधली मिस्सा तोंडावर आली होती. मिस्सेनंतर सगळं गाव या अंगणात जमणार होतं आणि त्याच्याच विरजणाची बिअर पिऊन त्याला निरोप देणार होतं. 'रडायला नाही आलात तरी चालेल, पण प्यायला या,' असं तो स्वतःच सांगून गेला होता.

एमिलियाने फडकं उचलून वास घेतला. जिवंत विरजणाला पिकल्या सफरचंदाचा वास असतो. याला उकडलेल्या बटाट्यांच्या पाण्याचा वास होता.

"हे थंडीने मेलेलं नाही," ती म्हणाली. "जुनं होऊनही नाही. हे शिजलंय."

"विहिरीत? विहिरीत कसं शिजेल?"

"विहिरीत नाहीच शिजणार. कुणीतरी बाहेर काढलं, तापवलं आणि परत जागच्या जागी सोडलं."

तेक्लेने पहिल्यांदा मान वळवली. "जाऊ दे ना, एमिलिया. मेलं ते मेलं."

"जाऊ कसं दे?" लिउत्सिया उसळली. "मला ठाऊक आहे कुणी केलं ते. काल मी फाटकातून आत आले तेव्हा झेनोनासकाका विहिरीवर वाकलेला होता. मला पाहिलं, कोटात काहीतरी कोंबलं आणि या वयात कुंपणावरून उडी मारून पळाला! रविवारी चर्चच्या दारात सगळ्यांसमोर विचारणार आहे मी त्याला."

तेक्ले पुन्हा धुक्याकडे पाहू लागली. झेनोनासच्या बाजूने ती एक शब्दही बोलली नाही. पण विरोधातही बोलली नाही, हे एमिलियाच्या लक्षात राहिलं.

२

एमिलियाने सगळी नोकरी तालुक्याच्या दूध तपासणी प्रयोगशाळेत केली होती. प्रयोगशाळा बंद पडली तेव्हा भंगारात निघालेला एक मायक्रोस्कोप आणि निळ्या रंगाची एक बाटली ती घरी घेऊन आली. तो रंग सोपा आणि खरं बोलणारा असतो. जिवंत पेशी त्याला परतवून लावते आणि स्वच्छ राहते. मेलेली पेशी त्याला अडवू शकत नाही, ती निळी होते.

तिच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून समोरच तेक्लेची खिडकी दिसे. दोघी एकाच वर्गात होत्या, एकाच वर्षी लग्न करून या गल्लीत आल्या होत्या. तेक्लेकडचा दिवा लागला की आपला लावायचा, अशी एमिलियाला सवय होती.

तिने काचेवर एक थेंब घेतला, रंग घातला, डोळा लावला.

सगळं निळं. एकही पेशी सुटलेली नव्हती.

पण तिने डोळा काढला नाही. पेशी टपोऱ्या होत्या. पुष्कळींच्या अंगाला नवे कोंब फुटलेले होते, तसेच अर्धवट राहून मेलेले. वर्षभर उपाशी लोंबकळत राहिलेलं विरजण असं दिसत नाही; ते सुकलेल्या मनुकांसारखं सुरकुततं. म्हणजे वर्षभरात याला कुणीतरी खाऊ घातलं होतं. कुणीतरी ही बरणी नेऊन बिअर लावली होती आणि ताजा साका भरून परत विहिरीत सोडली होती. बहुधा एकदाच नव्हे.

मग तिने बरणीच्या आतला काठ पाहिला. फेसाचा वाळलेला तपकिरी पट्टा थेट फडक्यापर्यंत चढला होता. विरजण मरायच्या आधी जागं झालं होतं. हळूहळू ऊब लागत गेली, ते फुगलं, फसफसलं, वर आलं. आणि ऊब वाढतच गेली.

दुष्टाव्याने मारायचं तर किटलीभर उकळतं पाणी पुरे. मारणाऱ्याने त्याला आधी जागं कशाला केलं असतं?

विहिरीतून दोर सोडून आणला होता, तो तिने शेवटी हातात घेतला. रापोलास तागाचा दोर वापरायचा. हा हिरवा नायलॉनचा होता, नवाकोरा, आणि त्याची गाठ तिने आधी कुठेतरी पाहिली होती.

गाठ कुणाची ते आठवलं आणि तेवढ्यात दारावर थाप पडली.

३

दारात व्हितेनिस उभा होता. पानेव्हेझीसला त्याची छोटी बिअर कंपनी होती. चकचकीत स्टीलच्या टाक्या, थंड करायची यंत्रं आणि बाटलीवर आजोबांचा मिशीवाला फोटो. ते आजोबा त्याचे नव्हते, फोटो बाजारातून आणलेला होता. रापोलासच्या विरजणासाठी त्याने तेक्लेच्या दाराचे उंबरे झिजवले होते.

"मावशी, खरं आहे का? गेलं?" त्याचा चेहरा खरोखर पडला होता.

"बातमी लवकर पोचली."

"पेट्रोल पंपावर कळलं. लोक माझ्याकडेच बघत होते. म्हणून आलो. मी नाही हां केलं!"

"तू केलंस असं कोण म्हणालं?"

"मागच्या आठवड्यात तेक्लेबाईंनी मला हाकललं तेव्हा मी जरा बोललो. 'उद्या तुम्हीच फोन कराल' असं काहीतरी. तोंड आहे, सुटतं." तो खुर्चीत बसला. "पण मेलेलं विरजण मला काय कामाचं, मावशी? चोरलं असतं तर जिवंत चोरलं असतं. बर्फाच्या पेटीत."

हे खरं होतं आणि एमिलियाला आवडलं नाही तरी पटलं.

"रापोलासने तुला दिलं होतं ना एकदा?"

"दिलं की. मागणाऱ्याला नाही म्हणायचं नाही, विकायचं तर नाहीच, असं म्हणाला. मीच मारलं ते." त्याने टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. "टाकीत थंड ठेवलं, पुस्तकात लिहिल्यासारखं. ते उठेचना. मी फोन केला तर म्हातारा हसत सुटला. म्हणाला, 'अरे, त्याला आधी झोपेतून उठव. मी रात्रभर शेजारी घेऊन झोपतो. मला घाम फुटला की त्यालाही पुरे झालं, मग सरकवतो.' आता मी काय टाकीला मिठी मारून झोपू?"

एमिलिया हसली, आणि मग हसू तसंच ओठांवर राहून गेलं.

"काय म्हणालास? शेजारी घेऊन?"

"थट्टा करत असेल," व्हितेनिस म्हणाला.

४

झेनोनास अंगणात होता. दुधाचे अॅल्युमिनियमचे कॅन धुऊन पालथे घातले होते. भिंतीवर जाळी वाळत होती, हिरव्या नायलॉनची.

"या, पोलिसबाई!" तो ओरडला. "बेड्या आणल्यात, की कॅनच्या साखळीवर भागवणार?"

"आधी बसायला दे."

"बस. पिऊन घे. गुन्हेगाराच्या घरची आहे, पण गार आहे."

त्याने पिंपाच्या लाकडी तोटीवर हलकी चापट मारली आणि मातीचा सट भरला. गावात दोघांचीच बिअर नाव घेण्यासारखी होती, रापोलासची आणि झेनोनासची. सणाला दोन्ही पिंपं शेजारी मांडली जायची आणि दरवेळी रापोलासचं आधी संपायचं. त्यावरून दोघे आयुष्यभर भांडले. 'माझं विरजण माझ्या आजोबांचं आहे,' झेनोनास म्हणायचा, 'तुझ्यासारखं बायकी नाही.' रापोलास म्हणायचा, 'म्हणूनच आजोबांसारखी चव लागते, मेलेली.'

"काल कोटात काय होतं?" एमिलियाने विचारलं.

"माझं पोट."

"झेनोनास."

"मग काय सांगू? पोरीने पाहिलं ते पाहिलं. म्हातारा कुंपणावरून उडाला. गुडघा बघ माझा, भोपळ्यासारखा सुजलाय."

एमिलियाने घोट घेतला. आधी मध, मग वाळवलेलं सफरचंद आणि घोट उतरल्यावर जिभेच्या मुळाशी राहिलेली लवंगेसारखी ऊब. तिने दुसरा घोट घेतला, कारण एका नमुन्यावरून निष्कर्ष काढू नये. जीभ म्हणजे पुरावा नव्हे. पण या चवीची तिने वर्षभर आठवण काढली होती.

"तुझ्या जाळ्याची दोरी आणि विहिरीतली दोरी एकच आहे."

"बाजारात सगळ्यांना मिळते."

"गाठ बाजारात मिळत नाही. ही गाठ तू मासे ओवायला मारतोस, लहानपणापासून. विरजण तू जगवत होतास. वर्षभर. आणि ही बिअर रापोलासची आहे."

झेनोनासने सट तिच्या हातातून काढून घेतला, उरलेलं स्वतः प्यायला आणि मिशी पुसली.

"शेवटच्या महिन्यात बोलावलं त्याने," तो हळू म्हणाला. "म्हणाला, ती वर्षभर भट्टीला हात लावणार नाही. दुःखाने विरजण जगत नाही, झेनोनास, बिअरने जगतं. तू नेत जा, भरून ठेवत जा. तिला सांगू नकोस, तिला वाटेल मला तिच्यावर भरवसा नाही."

"आणि गावाला?"

"गावाला काय सांगू? की माझ्या पिंपात त्याचं विरजण आहे आणि पहिल्यांदा माझी बिअर चांगली झालीय?" तो हसला, पण डोळे भरून आले होते. "लाज नाही का मला?"

"काल तू बदलायला गेला होतास. ताजं घेऊन."

"हो."

"आणि फडकं सोडलंस तेव्हा वास आला. जुनं काढून ताजं ठेवणार, तेवढ्यात लिउत्सिया आली."

झेनोनासने सुजलेला गुडघा चोळला.

"अजून दोन मिनिटं मिळाली असती तर कुणालाच कळलं नसतं. मग पोरीला सरळ सांगितलं का नाहीस? रविवारी ती चर्चच्या दारात तुझी अब्रू काढणार आहे."

"काढू दे. दुसरा नंबर घ्यायची मला सवय आहे." त्याने वाकून तोटी घट्ट केली. ती गळत नव्हती. "एमिलिया, तू शिकलेली आहेस. काही गोष्टी काचेखाली घालू नयेत गं."

तेव्हा तिला समजलं, की झेनोनासने त्या वासावरून गुन्हेगार कालच ओळखला होता.

५

तेक्लेच्या स्वयंपाकघरात कुणी नव्हतं. ती कोंबड्यांना दाणे घालायला मागे गेली होती. लिउत्सिया सकाळपासून संतापात सरपण फोडत होती, कुऱ्हाडीचा आवाज येत होता. एमिलिया गारठली होती. बरणी कपासकट टेबलावर ठेवून ती सवयीने भट्टीला पाठ लावून बसली.

घराच्या मधोमध विटांची मोठी भट्टी होती, पाव भाजायची. मागच्या अंगाला तिच्या पाठीवर झोपायचा कट्टा. दर ईस्टरला तेक्ले सगळी भट्टी चुन्याने सारवायची. टेबलावर मोड आणलेल्या जवाच्या पिठाचे काळेभोर भाजलेले पाव फडक्याखाली मांडलेले होते. बिअरची तयारी: हे पाव फोडायचे, गरम पाण्यात भिजवायचे, गोड पाणी गाळून घ्यायचं. ते निववायला रापोलासने बंद पडलेल्या सामूहिक शेतातून दूध थंड करायच्या टाकीची तांब्याची नळी आणली होती. ती गुंडाळीही घासूनपुसून खुंटीला लावलेली होती.

एमिलिया एका पावाकडे पाहत राहिली. पाव शिळे होते, बाहेरून कडक. कालचे नव्हते, परवाचे.

लिउत्सिया कालच आली. म्हणजे तेक्लेने एकटीने, त्याआधीच भट्टी पेटवली होती. आणि या गावात बिअरसाठी भट्टी पेटवण्याआधी विरजण घरात येतं. आधी विरजण जागं करायचं, मग विस्तव. शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. ज्या घरात हे आयुष्यभर पाळलं, तिथे बाईने विस्तव आधी केला आणि विरजण दोन दिवसांनी, मुलीच्या डोळ्यांदेखत, पहिल्यांदा वर काढलं?

ती उठली आणि तिच्या गडद स्कर्टला मागे पांढरा चुना लागलेला दिसला.

तिने तो झटकला नाही. ती शिडीच्या दोन पायऱ्या चढली आणि कट्ट्यावर पाहिलं. रापोलासची उशी तिथेच होती, मेंढीचं कातडं नीट पसरलेलं. उशीशेजारी, भिंतीलगत, ओल्या काचेने चुना उचलून नेल्यावर उरते तशी एक कोर उमटली होती. तिसरा हिस्सा वर्तुळाचा.

एमिलिया खाली उतरली. तिला आता सगळं ठाऊक होतं आणि तिला फार थकल्यासारखं वाटत होतं. गप्प राहता आलं असतं. मग झेनोनास रविवारी चर्चच्या दारात मान खाली घालून उभा राहिला असता. तेक्ले त्याच्याकडे न बघता आत गेली असती आणि ते ओझं घेऊन कुठे जाणार होती? आणि बोललं तर? 'विरजण जिवंत आहे तोवर मी इथून हलणार नाही,' हे उत्तर तेक्लेने 'माझ्याकडे राहायला चल' म्हणणाऱ्या मुलीला वर्षभर दिलं होतं. त्या उत्तराच्या आडोशाला तेक्ले राहत होती. खरं सांगायचं तर एमिलियाही तिथेच राहत होती.

कुऱ्हाडीचा आवाज थांबला. अंगणातून लिउत्सिया ओरडली, "आता कशाला आलास? उरलंसुरलं बघायला?"

६

झेनोनास लंगडत आत आला. मागून लिउत्सिया, हातात कुऱ्हाड तशीच. मागच्या दारातून तेक्लेही आली. तिने झेनोनासला पाहिलं आणि नजर फडक्याखालच्या पावांवर नेली.

"आई, याला विचार! तोंडावर विचार!"

"ती कुऱ्हाड आधी खाली ठेव, पोरी," झेनोनास म्हणाला. "मीच केलं. पुरे? आता पाणी दे मला."

"त्याने केलेलं नाही," एमिलिया म्हणाली.

ती हळू बोलली, नमुन्याचा निकाल सांगावा तशी. विरजण ताजं होतं, म्हणजे कुणीतरी ते वर्षभर जगवलं. तो झेनोनास, आणि ते रापोलासच्या सांगण्यावरून. विरजण आधी जागं झालं आणि मग मेलं. म्हणजे ते मारायला नव्हे, उठवायला उबेत ठेवलं होतं. ज्याने ठेवलं त्याला बिअर लावायची होती. "लिउत्सिया, तुला ते नको होतं, तर तू ते ओतून टाकलं असतंस. व्हितेनिसला हवं होतं, तर त्याने ते बर्फात ठेवलं असतं." तिने बरणी उचलली, शिडी चढली आणि कट्ट्यावर, उशीशेजारी, ती कोरीवर कोर जुळवून ठेवली. बरोबर बसली.

भट्टीत एक लाकूड खचलं.

"आधी विरजण, मग विस्तव," एमिलिया म्हणाली. "तू क्रम चुकवला नव्हतास, तेक्ले. तू सगळं त्याच्यासारखंच केलंस."

तेक्ले बाकावर बसली. तिचे हात उगाच मांडीवरच्या एप्रनची कड शोधत राहिले.

"सगळं नाही," ती म्हणाली. "तो वर झोपायचा. भट्टी तापत गेली की त्याची पाठ भाजायची, मग बरणी एक वीत सरकवायचा, परत झोपायचा, परत सरकवायचा. शिव्या देत. मी खालून हसायचे. परवा बरणी ठेवली मी. उशीशेजारीच. शिडीच्या दुसऱ्या पायरीपर्यंत गेले. पुढे जाववेना मला. तिथे अजून त्याचा वास आहे. मी खाली पलंगावर येऊन पडले. पाव भाजायचे म्हणून भट्टी भरून पेटवली होती. वर तापतंय किती, ते कळायला वर कुणी नव्हतंच."

"आई…" लिउत्सियाने कुऱ्हाड भिंतीला टेकवली. "मग सांगितलं का नाहीस? चूक झाली. कुणीही म्हणालं असतं, चूक झाली."

"चुकीसाठी नाही लपवलं मी." तेक्ले आता एमिलियाकडे पाहत होती, फक्त तिच्याकडे. "काल सकाळी वास आला. मला वाटलं, आता रडू येईल. ते आलं नाही. पहिल्यांदा मनात आलं, सुटले. विरजण गेलं, आता कुणाला काही सांगायला नको, आपोआप ठरलं. असं वाटलं मला. त्याच्या उशीसमोर उभं राहून. ते लपवायला बरणी परत विहिरीत सोडली. आणि मग हिने झेनोनासचं नाव घेतलं आणि मी गप्प राहिले. मी जाणूनबुजून केलं का गं, एमिलिया? तू तपासलंस ना सगळं. सांग."

नसलेलं उत्तर एमिलियाने आयुष्यात कधी दिलं नव्हतं.

"त्याची चाचणी नसते, तेक्ले," ती म्हणाली. "पण शिडीच्या दोन पायऱ्या तू चढली होतीस."

तेव्हा तेक्ले रडली. वर्षभरात पहिल्यांदा, मोठ्याने, मुलीच्या खांद्यावर डोकं ठेवून. झेनोनास खिडकीबाहेर पाहत राहिला. धुकं विहिरीपासून थोडं मागे सरलं होतं.

"काका," लिउत्सिया आईच्या डोक्यावरून म्हणाली, "मी तुम्हाला…"

"असू दे. आधी एक स्वच्छ फडकं दे." त्याने कोटाच्या आतून बरणी काढली. फेस काठापर्यंत आला होता. "रस्ताभर पोटाशी धरून आणलंय. उतू जायच्या आत पाव फोडा. गावाला बिअर पाजायचीय की नाही?"

पाव फोडले, भिजवले, तागाच्या काड्यांच्या थरातून गाळले. गोड पाणी तांब्याच्या गुंडाळीतून निवत खालच्या पिंपात आलं. झेनोनासने मनगट बुडवून पाहिलं आणि बाजूला झाला. तेक्लेने स्वतःचं मनगट बुडवलं, बराच वेळ, आणि मान हलवली. विरजण तिनेच ओतलं. घरभर पिकल्या सफरचंदांचा वास पसरला.

बरणीच्या तळाशी बोटभर उरलं होतं. झेनोनासने फडकं बांधलं, हिरव्या दोरीचा फास बरणीच्या गळ्यात घातला आणि दार उघडून थांबला.

"विहिरीत सोडतो," तो म्हणाला. "मी येत जाईन बघायला. आता चोरून नको यायला. तू इथे राहा, तेक्ले. विरजण आहे की."

विरजण होतं. एमिलियाने पाहिलं, लिउत्सियाने खाली पाहिलं होतं. वर्षभर ऐकलेलं उत्तर ती पुन्हा ऐकायला तयार झाली होती.

तेक्लेने एप्रन सोडला, त्याची घडी घातली आणि तो बाकाच्या पाठीवर ठेवला. मग ती शिडीकडे गेली. एक पायरी, दुसरी आणि तिसरी. कट्ट्यावरून तिने उशी उचलली, छातीशी धरून खाली आली. जाता जाता तिची नजर एमिलियाच्या नजरेला मिळाली. त्यात क्षमा मागितल्यासारखं काहीतरी होतं. एमिलियाने होकारार्थी मान हलवली.

"तुझ्या विहिरीत सोड, झेनोनास," तेक्ले म्हणाली. "आणि विचारेल त्याला सांग, की ते रापोलासचं आहे." मग ती मुलीकडे वळली. "लिउत्सिया, मिस्सा होऊ दे. मग मी तुझ्याबरोबर येते."